कालनिर्णयवरची फुली

सकाळी साडेपाचचं शिवाजी पार्क. कट्ट्यावर बसून बुटांच्या लेस बांधणाऱ्या आम्ही चौघी. गप्पा ठरलेल्या. काल किती किलोमीटर झाले, पेस काय होता, आज कोण ब्रेकफास्टला दांडी मारणार. एकदा आमच्यातली एक डोळा मारत म्हणाली, ''माझी तर पाळीच बंद झालीय यार. सुटले!'' सगळ्या खिदळलो. मीही. माझी चार महिने बंद होती. मलाही सुटल्यासारखंच वाटत होतं.

हाफ मॅरेथॉनची तयारी चालली होती. रात्री उशिरा लेख पाठवायचा, पहाटे उठून धावायचं, दुपारी ब्लॅक कॉफी आणि दोन खाकरे. ज्या ऑफिसात कॉपी द्यायला जायचे तिथे रोज कुणीतरी म्हणायचं, ''कसली बारीक झालीस गं! डाएट सांग ना!'' खोटं कशाला बोलू, हे ऐकायला झक्कास वाटतं. त्या एका वाक्यासाठी मी किती जेवणं बुडवली, देव जाणे.

आईला मात्र काहीतरी खटकत होतं. आमच्या घरी पाळीची तारीख कालनिर्णयवर पेन्सिलने फुली मारून लिहितात. पानं उलटत होती, माझी फुली गायब. ''चेहरा बघितलास का आरशात?'' आई म्हणाली. मी तिलाच शिकवलं, ''रनिंग करणाऱ्यांचं होतं गं असं. नॉर्मल असतं.''

मग नडगी दुखायला लागली. आधी धावताना, मग चालताना, मग झोपेत. एमआरआयमध्ये निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर. मला वाटलं, डॉक्टर बुटांचं विचारतील. त्यांनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली? आणि काल दिवसभरात काय खाल्लंत? पहिल्या प्रश्नाला मी गप्प बसले. दुसऱ्याला चक्क खोटं बोलले.

त्यांनी सांगितलेला फंडा साधा होता. खाल्लेल्यातून धावण्याचा खर्च वजा करा. उरेल त्यात शरीराला बाकीचा सगळा संसार चालवायचा असतो. कमी पडलं की कपात सुरू. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे सिग्नल मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. आणि इस्ट्रोजेन हाडांचंही राखणदार असतं, त्यामुळे विशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं हे, तेव्हा जिममधल्या मित्रांनो, पान उलटू नका! त्यासाठी हडकुळं दिसावं लागत नाही. आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव झाला, म्हणजे गाडी रुळावर आली असंही नाही.

पाय वर करून घरी बसले होते, तेव्हा मेरी केनचा व्हिडिओ बघितला. २०१३ मध्ये, अवघ्या १७ व्या वर्षी, ही अमेरिकन मुलगी मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १५०० मीटरची फायनल धावली. त्याच वर्षी ती एका बड्या ट्रेनिंग ग्रुपमध्ये गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिडिओत तिने सांगितलं, की तिथे सतत वजन कमी करायला सांगायचे, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. कोचने आरोप नाकारले. माझ्या डोक्यात मात्र 'तीन वर्षं' अडकलं. मी तर चार महिन्यांवर खूश होते.

आणि मॉली सायडेल. २०१५ मध्ये अमेरिकन कॉलेजांची क्रॉसकंट्री चॅम्पियन. २०१६ च्या ऑलिम्पिक ट्रायल्स समोर होत्या, पण तिने त्या सोडून ईटिंग डिसऑर्डरवर उपचार घेतले. पुढे कॉफी शॉपमध्ये काम केलं, मुलं सांभाळली. २०२० मध्ये आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली, तीच थेट ऑलिम्पिक ट्रायल्सची. दुसरी आली! २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ब्राँझ. परीकथा? छे. पदकानंतर आजार पुन्हा डोकावला, हेही तिनेच सांगून टाकलं. मला पदकापेक्षा ते जास्त धीर देऊन गेलं.

कारण बरं होणं भयंकर बोअर काम आहे हो. धावण्याआधी केळं, आल्यावर पोहे आणि अंडी, दुपारी पूर्ण डबा. भूक नसली तरी. धावणं बंद, नंतर अगदी थोडं. आहारतज्ज्ञांबरोबर मला समुपदेशकाकडेही जावं लागलं, कारण पोळीला हात लावताना डोक्यात कॅलक्युलेटर सुरू व्हायचा. वजन वाढलं. त्याच ऑफिसातली तीच माणसं म्हणाली, ''काय गं, रनिंग सोडलंस वाटतं?'' त्या रात्री जेवायला बसणं हे कुठल्याही २१ किलोमीटरपेक्षा अवघड होतं. आई काही न बोलता समोर बसून राहिली.

पाळी यायला सात महिने लागले. फुली मीच मारली, पेनने.

लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि आपण धावतो, किती धावतो, हेही सांगा. मी हे कट्ट्यावर सांगितलं, सगळं, अगदी डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. 'सुटले' म्हणणारी या वेळी हसली नाही. मी पुढे केलेलं केळं मात्र तिने घेतलं नाही. म्हणाली, ''नंतर खाते.''

ते 'नंतर' मला चांगलंच ठाऊक आहे. येत्या रविवारी दोन नेणार आहे.