एक बिल्डिंग, चार भाडेकरू

ऑनसाइटवर लंडनला गेलात की वीकेंडला ब्रिक लेनची करी खाणं हा ठरलेला फंडा. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून चालत गेलं तरी पुरतं. पण बॉस, पोटपूजेआधी फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबा. तिथली विटांची साधीसुधी इमारत बघा. वर भिंतीवर सावलीचं घड्याळ, त्यावर साल १७४३.

ती बांधली फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनॉट प्रॉटेस्टंटांनी, चर्च म्हणून. ही मंडळी रेशीम विणणारी. पुढे ती लंडनमध्ये मिसळून गेली आणि चर्च ओस पडलं. १८०९ मध्ये जागा घेतली ज्यूंना ख्रिस्ती करायला निघालेल्या एका संस्थेनं. मग १८१९ पासून मेथडिस्टांचं चॅपल. आणि गंमत म्हणजे १८९८ मध्ये तिथेच झालं ज्यूंचं सिनेगॉग! रशियातल्या छळाला कंटाळून आलेले हे ज्यू आसपासच्या गल्ल्यांत शिवणकाम करायचे. मुलं शिकली, हातात पैसा आला आणि वस्ती गोल्डर्स ग्रीनसारख्या उपनगरांत सरकली. आपल्याकडे गिरगावातून डोंबिवली-बोरिवली, तसंच. १९७६ पासून तिथे मशीद आहे. नमाजाला येणारे बरेचसे बांगलादेशातल्या सिल्हटचे. त्यांच्यातल्याही अनेकांनी सुरुवात केली ती कपड्यांच्या कारखान्यांतच!

म्हणजे देव बदलला, भाषा बदलली. गरज मात्र तीच. परक्या शहरात आठवडाभर राबल्यावर आपल्या माणसांत बसायला एक छप्पर. इमारत टिकली ती केवळ जुनी म्हणून नाही. प्रत्येक नव्या बॅचला ती उपयोगी पडली म्हणून. नाहीतर जुन्या वास्तूंचं आपण काय करतो? एक तर पाडतो, नाहीतर कुलूप लावून पाटी ठोकतो.

आता त्या भागातली भाडी चढलीयत, करीची दुकानं कमी होतायत आणि गल्ल्यांत कॉफी शॉप्स आणि लॅपटॉपवाले आलेत. थोडक्यात, आपल्यासारखेच! आधीच्या सगळ्यांनी आल्या आल्या एकत्र जमायची जागा शोधली होती. आपली बॅच मात्र वायफाय शोधते. मग उद्या ती इमारत रिकामी झालीच, तर आपण तिचं काय करू? उत्तर लंडनला जाऊनच द्यायला हवं असं नाही. तुमच्या सोसायटीतला हॉल शेवटचा कधी भरला होता, आठवतंय?