आवाज कधी येतो?

दिवाळीत शहाद्याला घरी गेलो तर नानांची जीप विकायचं जवळजवळ ठरलेलं होतं. नाना म्हणजे माझे मोठे काका. गाडी एमएम ५४०, पेजोचं डिझेल इंजिन, नंबर अजून एमएच १८ चा. म्हणजे आमच्या जिल्ह्यापेक्षाही ही गाडी मोठी! (नंदुरबार धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. एमएच ३९ त्यानंतरचं.)

विकायचं कारण एकच, आवाज. एका गॅरेजवाल्याने गाडी जागेवर सुरू केली, दोनदा रेस दिली, कान लावला आणि निकाल सांगितला, "गिअरबॉक्स खोलावा लागेल. ट्रान्सफर केसपण." खर्चाचा आकडा ऐकून नानांना भंगारवाला जवळचा वाटायला लागला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालवून न बघता जो गिअरबॉक्स खोलायला निघतो, त्याच्या हातात गाडी देऊ नये. ऑफिसात क्लायंट "सिस्टिम स्लो आहे" म्हणाला की आपण लगेच सर्व्हर बदलतो का? (बरं, काही लोक बदलतात. असो.) आपण विचारतो, कधी स्लो होते? कुठल्या स्क्रीनवर? पण तेच आपण गॅरेजमध्ये गेलो की मुकाट्याने किल्ली देतो आणि चहा प्यायला जातो.

आवाज "कुठून" येतो हा प्रश्न जीपमध्ये तर फसवाच. चासी म्हणजे लोखंडाची शिडी, मागच्या टोकाला काही वाजलं तरी ते ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येतं. म्हणून आधी "कधी" विचारायचं. उभ्या गाडीत येतो की फक्त चालताना? इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो की चाकाच्या? रेस दिल्यावर की पाय काढल्यावर? एवढ्यातच निम्मे आरोपी सुटतात.

मी नानांना म्हटलं, "विकायची ती विका, पण मला एक दिवस द्या." नाना म्हणाले, "गाडी बोलस, तू आयक."

पहिली तपासणी फुकटातली. गाडी सपाटीवर, चाकांना दगड, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये. आता गिअर टाकून क्लच सोडला तर गिअरबॉक्स फिरतो पण शाफ्ट आणि चाकं जागेवर राहतात. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे टाकून पाहिले. नेहमीची घरघर, बाकी काही नाही. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद झाला असता तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, असा संशय घेतला असता. तेही नाही. म्हणजे ज्याला फाशी द्यायची होती तो गिअरबॉक्स निर्दोष!

खरं सांगायचं तर माझाही अंदाज ट्रान्सफर केसवरच होता. पण जुन्या जीपची ट्रान्सफर केस गिअरवर चालते, ती थोडी गाणारच.

मग गाडी हळू चालवली. चालायच्या वेगाला चिक-चिक, आणि क्लच सोडताना "टक्". इथे थोडं गणित कामाला आलं. अशा जीपमध्ये डिफरन्शिअलचं गुणोत्तर साधारण ५ असतं, म्हणजे चाक एकदा फिरतं तोवर प्रोपेलर शाफ्ट पाच वेळा फिरतो. टायरवर खडूने रेघ मारली, चुलतभावाला बाजूने चालायला लावलं आणि मोजायला सांगितलं. एका फेऱ्यात एकदाच वाजलं तर दोष चाकापाशी, म्हणजे बेअरिंग, ड्रम वगैरे. पाच किंवा दहा वेळा वाजलं तर शाफ्टवर. तो मोजताना दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओरडला, "दादा, पाच!"

शाफ्ट दोन, पुढचा आणि मागचा. टू-व्हीलमध्ये चालवत असलो तरी पुढची चाकं पुढच्या शाफ्टला फिरवत राहतात. नानांनी मागे कधीतरी फ्री-व्हील हब बसवून घेतले होते. ते मोकळे केले की पुढचा शाफ्ट थांबतो. मोकळे केले, आवाज तसाच. म्हणजे मागचा.

इंजिन बंद करून गाडीखाली शिरलो. क्रॉसच्या टोप्यांभोवती लाल भुकटी होती. ग्रीस संपून सुया कोरड्या पडल्या की गंजाची अशी पूड बाहेर येते. शाफ्ट हाताने पिळला. डिफरन्शिअलमध्ये थोडा खेळ असतोच, त्याने घाबरू नका. पण क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक एकमेकांच्या मागेपुढे हलत असतील तर तो क्रॉस गेला. नानांचा गेलाच होता.

काही शे रुपयांची वस्तू. पण मला हसू आलं नाही. आम्ही त्याच आठवड्यात तोरणमाळला जाणार होतो, घरची सात माणसं घेऊन. घाट उतरताना आपण खालच्या गिअरवर, इंजिनच्या भरवशावर उतरतो. टू-व्हीलमध्ये मागचा शाफ्ट तुटला की इंजिनचा धरून ठेवणारा जोर एका क्षणात जातो. आणि बऱ्याच जुन्या जीपांत हँडब्रेकसुद्धा चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो, म्हणजे तोही गेला. उरतो फक्त पायाखालचा ब्रेक, आधीच तापलेला. गिअरबॉक्स नवा करून आम्ही त्याच क्रॉसवर घाट उतरलो असतो.

म्हणूनच "जुनी गाडी आहे, वाजणारच" हे वाक्य मला आवडत नाही. टेप मोठा करणं हा तर त्याच्याही पुढचा प्रकार. वळणावर घूं आवाज वाढला तर बहुधा बाहेरच्या चाकाचं बेअरिंग. रस्ता बदलला की सूर बदलला तर टायर. फक्त रेस दिल्यावर किंवा फक्त पाय काढल्यावर कण्हणं आलं तर क्राउन-पिनियन. फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळली तर बिघाड काहीच नाही, आपली चूक. या गाडीत मधला डिफरन्शिअल नाही, फोर-व्हील चिखलासाठी आहे.

क्रॉस बदलला, चिकचिक आणि टक् दोन्ही गेले. हात काळे झालेच होते म्हणून मागच्या डिफरन्शिअलचं ऑइल सोडलं, तर ते दुधाच्या चहासारखं! धडगाव-मोलगीकडे नाले ओलांडताना तापलेली हाउसिंग गार पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. त्याचा आवाज अजून आलेला नव्हता, पण आला असता तर तो काही शे रुपयांचा नसता. ऑइल बदललं. नानांनी विकायचं तूर्त मागे घेतलंय. ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर चढवायची राहिलीय, पुढच्या सुट्टीत पावसाआधी ते करायचं आहे.