ज्याचं कार्ड छापलंच नाही

यंदा जूनच्या शेवटी मुलगी आणि नातू न्यू जर्सीहून आले. नागपूरचा मे टळला असला तरी पाऊस रुसलेला होता, त्यामुळे उकाडा होताच. हुडकेश्वरच्या आमच्या घरात अकरा वर्षांच्या पोराला करमायचं कसं, ही चिंता मला आणि आमच्या सौ.ला. पण पठ्ठ्या तयारीनिशी आला होता. बॅगेतून त्यानं एक जाडजूड फाईल काढली. आत प्लास्टिकची पानं, प्रत्येक पानाला नऊ खिसे, प्रत्येक खिशात एक कार्ड. सगळी बेसबॉल खेळाडूंची. त्यातही तीन-चार पानं एकाच माणसाची, अ‍ॅरन जज त्याचं नाव. आपल्याकडे षटकार तसा तिकडे होम रन. या जजनं २०२२ साली एका हंगामात ६२ मारले, हे मला दिवसातून दोनदा ऐकवण्यात आलं.

मी म्हटलं, थांब. माळ्यावरून ट्रंक काढली, ट्रंकेतून माझी वही. १९६७ सालची, मैद्याच्या खळीनं चिकटवलेल्या कात्रणांची. वाळवीनं दोन कोपरे खाल्लेत. पहिल्या पानावर उंचपुरा, ताठ, करारी चेहऱ्याचा माणूस, आणि खाली माझ्या तेव्हाच्या वळणदार अक्षरात : ‘भारताचे पहिले कसोटी कर्णधार – आपल्या नागपूरचे.’

नातवानं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “आजोबा, याची व्हॅल्यू किती?”

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण त्याचं तरी काय चुकलं? २०२२ साली मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं १९५२ चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. मूळचं हे कार्ड म्हणजे काय, तर आधी सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा, त्यावर चित्र. मग पुढे च्युइंगगमबरोबरचं आमिष. वस्तू खपवायला छापलेला कागद आता स्वतःच वस्तू झाला. नातू त्याच बाजारात वाढतोय. माझ्या वहीची व्हॅल्यू रद्दीवाला सांगेल तेवढीच, असं मी त्याला सांगितलं. मग मात्र तो विचारू लागला, आणि मला बोलावंच लागलं.

सी. के. नायडू हे माझं दैवत. त्यांची ओळख मला करून दिली ती वडिलांनी. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपुरातलाच. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. हेही नागपूरचेच, तेही कसोटी खेळले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईला एम. सी. सी. च्या गोऱ्या संघाविरुद्ध सी. के. नी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. वडील हे ११ षटकार असे सांगत, जणू प्रत्येक चेंडू आमच्या अंगणात येऊन पडला होता. ते इंदूरला होळकरांकडे होते आणि होळकर संघाला त्यांनी चार वेळा रणजी जिंकून दिली. पन्नाशीला पोचल्यावर द्विशतक ठोकलं. १९३६ ला ओव्हलवर चेंडू अंगावर बसला तरी उभे राहिले आणि ८१ काढल्या. कसोटी सामने मात्र उणेपुरे सात.

१४ नोव्हेंबर १९६७ ला ते इंदूरला गेले. मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून, वाचनालयातून, न्हाव्याच्या दुकानातून जी मिळतील ती वर्तमानपत्रं गोळा केली आणि ही वही सुरू झाली. नंतर सीताबर्डीच्या रद्दीत ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’चे जुने अंक शोधत हिंडायचो. इंग्रजी धड येत नव्हतं, चित्राखालची ओळ शब्दकोशात बघून लावायची. १९४१ साली त्यांनी बाथगेटच्या लिव्हर टॉनिकची जाहिरात केली होती. जाहिरातीत झळकणारे पहिले भारतीय क्रिकेटपटू ते, असं सांगतात. ती जाहिरात मी चाळीस वर्षं शोधली. सौ. म्हणते, तेवढ्या वेळात माझं लिव्हर तपासून झालं असतं.

आता एक कबुली द्यायची आहे.

३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार. रिलायन्स कपचा सामना आमच्या व्ही. सी. ए. मैदानावर, न्यूझीलंडशी. चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक, विश्वचषकातली पहिली. आणि गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, अंगात ताप असताना. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक, तेही सी. के. च्या वाढदिवशी, सी. के. च्या गावात! तेव्हा पोरांना क्रिकेटचं नुसतं वेड लागलं होतं. बिगफन नावाच्या च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी कार्डं मिळायची, त्यावर धावा नाहीतर बळी छापलेले असायचे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तर वर्गात अभ्यास कमी आणि कार्डांची देवघेव जास्त.

आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. घरची परिस्थिती बेताची, वडील हमाली करत. माझा मराठीचा तास चालू असताना त्यानं बाकाखाली कार्डं पसरलेली. मी रबरबँडसकट गठ्ठा उचलला. तो नुसता एवढंच म्हणाला, “सर, माहे कार्डं देऊन द्या ना.” मी दिली नाहीत. स्टाफरूममध्ये जाऊन पाहिलं, तर त्यातली सात-आठच छापील होती. बाकीची त्यानं स्वतः केली होती. काडेपेटीचा आणि चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, पेनानं खेळाडू काढून, मागे धावासुद्धा लिहिलेल्या. रोज चिंगम घ्यायला पैसे कुठून येणार? जो मिळाला नाही तो त्यानं काढला. हे सगळं मला दिसलं, कळलं, आणि तरी मी तो गठ्ठा टोपलीत टाकला. शिस्त म्हणून. ज्याच्या घरी ट्रंकेत खळीनं चिकटवलेली वही होती, त्या माणसानं!

शिक्षक मंडळी वाचत असतील तर त्यांना हेच सांगायचं आहे. पोरांच्या दप्तरातली असली ‘फालतू’ वस्तू जप्त करायला माझा विरोध नाही, तास तास आहे. पण ती परत करा. आणि परत करण्याआधी नीट बघा. मी अडतीस-एक वर्षांनी लिहितोय हे, त्या मुलाला वाचायला मिळेल की नाही माहीत नाही.

असो. नातवाकडे येतो. वहीतल्या पहिल्या पानाची ओळ मी त्याला वाचून दाखवली, तर त्यानं साधा प्रश्न केला : “पहिला कॅप्टन त्यांनाच का केलं? बेस्ट होते म्हणून?”

इथे मी अडखळलो. कारण खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. महाराजांना स्वतःचा खेळ ठाऊक होता, ते मोठ्या मनानं बाजूला झाले. लिंबडीकरांना दुखापत झाली. म्हणून २५ जूनला लॉर्ड्‌सवर नाणेफेकीला सी. के. गेले. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या १,६१८ धावा आणि ६५ बळी मिळवणारा माणूस, ज्याला ‘विस्डेन’नं पुढच्या वर्षी पहिल्या पाचांत बसवलं, तो कर्णधार झाला तो राजेरजवाडे बाजूला सरले म्हणून. १९३६ ला पुन्हा विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार, आणि सी. के. त्यांच्या हाताखाली. माझ्या वहीतल्या त्या अभिमानाच्या ओळीत यातलं काहीच नाही. चित्र चिकटवलं, खाली बिरुद लिहिलं, संपलं.

आणि एकदा हा प्रश्न पडला, की कर्णधार कुणाला करत नव्हते, की मग सी. के. च्याही मागे जावं लागतं. मी गेलो, पण फार उशिरा. रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ २००२ साली आलं. बावन्न वर्षांचा होतो, शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. त्यात भेटले बाळू पालवणकर. चर्मकार समाजातले, जन्म १८७६ चा. पुण्याला साहेबांच्या जिमखान्यात मैदान राखायचं आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची, ही त्यांची नोकरी. डावखुरी फिरकी अशी, की हिंदू क्लबालाही त्यांना घ्यावंच लागलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाला मात्र बाळू बाहेर, त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा सगळे सामने धरून शंभराहून जास्त बळी त्यांनी घेतले. पण हिंदू संघाचं कर्णधारपद? ते वर्षानुवर्षं त्यांच्याहून सामान्य माणसांना मिळत गेलं. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं, तेव्हा कुठे बाळू उपकर्णधार झाले. १९२३ ला अखेर विठ्ठलना कर्णधार केलं, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

यातलं मला सगळ्यात लागलेलं सांगतो. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडाजीवन’. मराठीत! मी मराठीचा बी. ए., आयुष्यभर मराठी शिकवलं, क्रिकेटवर जीव टाकला, आणि या पुस्तकाचा पत्ता मला इंग्रजी पुस्तकातून लागला. माझ्या वहीत बाळूंचं एकही चित्र नाही. १९६७ च्या वर्तमानपत्रांत ते नव्हतं, मी शोधलंही नाही. जे छापलं गेलं ते मी जमवलं, आणि जमवलेल्यालाच इतिहास समजलो.

हे मी नातवाला माझ्या तोडक्यामोडक्या पद्धतीनं सांगत होतो तर त्यानं फाईलचं पान उलटलं. “म्हणजे जॅकी रॉबिन्सनसारखं.” १५ एप्रिल १९४७ ला हा काळा खेळाडू तिकडच्या मोठ्या लीगमध्ये उतरला. त्याआधी सहा दशकं काळ्यांना दार बंद, त्यांच्या लीग वेगळ्या. रॉबिन्सनचा ४२ नंबर आता कुठल्याच संघात कुणाला देत नाहीत, फक्त दर १५ एप्रिलला सगळेच तो घालतात. हे त्याला शाळेत शिकवलंय. मग त्यानं जॉश गिब्सनचं नाव सांगितलं. तो रॉबिन्सनच्या तीन महिने आधीच वारला, मोठ्या लीगमध्ये कधी खेळलाच नाही. २०२४ साली त्या वेगळ्या लीगचे आकडे मुख्य हिशेबात धरले, आणि सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी मेलेला गिब्सन सरासरीत एकदम सगळ्यांच्या वर गेला. आकडे तेच होते, फक्त मोजले गेले नव्हते.

आपल्याकडे असा हिशेब कोण मांडणार? आयपीएलवाल्यांची चकचकीत कार्डं पोरं जमवतात, खुशाल जमवोत. पण संघटनांनी, पाठ्यपुस्तकवाल्यांनी, गेलाबाजार एखाद्या बिस्किटवाल्यानं जुन्या माणसांचा एक संच काढावा, असं मला फार वाटतं. सी. के. च्या नावानं पुरस्कार आहे, तरुणांची स्पर्धा आहे, आनंदच आहे. पण पोरांच्या हातात बाळूही पडू द्या. आणि कार्डाच्या मागे सगळं लिहा. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं आणि ते हरले, हेही लिहा. दीक्षाभूमीच्या गावात राहून ही गोष्ट मला सोपी जात नाही. पण ज्याची अर्धी गोष्टच आवडते, त्याचे आपण चाहते कसले?

नातू म्हणाला, कंपनी काढत नाही तर आपण काढू. मला मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. मी काही बोललो नाही.

इंटरनेटवर बाळूंचा एक जुना फोटो आहे. हुडकेश्वर रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आम्ही तो जाड कागदावर काढला. त्यानं विचारलं, कोण आहेत, काका, तुमच्या घरचे का? मागची बाजू मी पेनानं लिहिली, नातवानं शेजारी इंग्रजीत. जन्म, गाव, १९११ चे बळी. ‘कॅप्टन’ या रकान्यापुढे काय लिहायचं यावर आमची पाच मिनिटं गेली. शेवटी त्यानं गोल शून्य काढलं आणि त्याभोवती लाल शाईनं आणखी एक गोल काढला.

एक प्रत सी. के. च्या पानासमोर खळीनं चिकटवली. नातवानं स्वतःसाठी दोन मागितल्या. एक ठेवायला, एक अदलाबदलीला. आता दर रविवारी फोनवर तोच विषय असतो. तिकडचा कुणी मित्र एका बाळूच्या बदल्यात जॅकी रॉबिन्सनचं जुनं कार्ड द्यायला तयार आहे. मी म्हणतो, देऊ नको. तो म्हणतो, “आजोबा, तुम्ही अजून एक काढून पाठवा ना.”