डब्याची मागची बाजू

बंगळूरच्या चामराजपेटमधून निघणारा बुल टेंपल रोड बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी जातो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे कडलेकाई परिषे भरते, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागतात: कच्च्या शेंगा, भाजलेल्या शेंगा, उकडलेल्या शेंगा. पीक तुडवणाऱ्या बैलाला शांत करायला शेतकऱ्यांनी पहिल्या शेंगा वाहायचं कबूल केलं, अशी कथा आहे. लोक पिशव्या भरून शेंगा नेतात आणि चालता चालता सोलून खातात. वरून साखर कुणी मागत नाही, कारण दाण्याला त्याची स्वतःची गोडी असते. 100 ग्रॅम दाण्यांत चार-पाच ग्रॅम साखर निसर्गानेच घातलेली आहे. शिवाय पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ 50 ग्रॅम तेल.

चामराजपेटमधल्याच एका मराठी घरातल्या सुनेने परवा विचारलं, "काकू, मुलगा रोज पोळीला पीनट बटर लावून मागतो. त्यात साखर असते म्हणतात. बंद करू का?" तिच्या आवाजात काळजी होती, म्हणून तिला हिशेब करून दाखवला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य असेल तर पाच टक्क्यांच्या. मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चहाचे चमचे. लहान मुलाचं जेवण कमी, त्यामुळे त्याचा वाटाही कमी. आता 100 ग्रॅममध्ये 10 ग्रॅम साखर असलेला डबा धरू. पोळीला लावलेल्या 15 ग्रॅमच्या चमच्यात दीड ग्रॅम साखर येते, अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही. दोन चमचे साखर घातलेल्या एका कॉफीत याच्या पाचपट साखर असते. तेव्हा एका चमच्याने मुलाला मधुमेह होईल, अशी भीती घालणं चूक आहे, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

पण तेवढ्यावर सोडावं असंही मला वाटत नाही. ती साखर एकटी येत नाही. सकाळचं गोड दूध, मधल्या सुट्टीतलं बिस्किट, संध्याकाळचा जॅम, केचप आणि त्यात हा चमचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिभेची सवय. रोज गोड केलेला दाणा खाणाऱ्या मुलाला साधा दाणा बेचव लागू लागतो. आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. अशा देशात मुलाची जीभ कशावर वाढते, हा घराच्या काळजीचाच विषय आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरून साखर देऊच नये.

म्हणून डबा उलटा करून वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव दाण्याचं आणि लगेच दुसरं साखरेचं असेल, तर दाण्याखालोखाल वजन तिचंच. 'चॉकलेट' लिहिलेला डबा जास्तच बारकाईने वाचावा. पोषणाच्या तक्त्यात वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ असते. मात्र तिच्यापुढची टक्केवारी आपल्या नियमांप्रमाणे दिवसाच्या 50 ग्रॅमवर काढलेली असते. 25 ग्रॅमची मर्यादा पाळायची असेल, तर तो आकडा मनातल्या मनात दुप्पट करावा. आणि 'गुळाचं', 'मधाचं' असं ठळक छापलेलं असेल तर हायसं वाटून घेऊ नका. गूळ असो की मध, त्या 25 ग्रॅममध्ये दोन्ही धरायचे. आपल्या चिक्कीलाही हेच लागू आहे. सणाला, प्रवासात ती जरूर खावी, पण पौष्टिक म्हणून रोज मुलाच्या डब्यात नको.

दाण्याबरोबर डब्यात आणखी काय बसावं, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत पीनट बटरमध्ये दाणे किती असावेत, यावर 1959 पासून बाराएक वर्षं सरकार आणि कंपन्यांचा वाद चालला. सरकारला 95 टक्के हवे होते, कंपन्यांना त्याहून कमी चालणार होते. अखेर 90 टक्क्यांवर नियम झाला. उरलेल्या दहा टक्क्यांत साखर, मीठ आणि तेल वेगळं होऊ न देणारी चरबी बसली.

घरी मीठ सोडलं तर यातलं काहीच लागत नाही. दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, गार झाल्यावर सालं पाखडून काढावीत, सुरकुतलेले आणि बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्यावेत. ही निवड साखरेपेक्षा महत्त्वाची आहे, कारण बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. मग मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. आधी कूट होतं, मग गोळा धरतो, आणि धीर धरला तर दाण्याला तेल सुटून सगळं सैल होतं. चिमूटभर मीठ पुरे. दोन दिवसांनी वर तेल तरंगेल, ते ढवळून घ्यायचं. गोडाची सवय झालेल्या मुलाला पहिले काही दिवस त्यात केळं कुस्करून द्यावं.

हिशेब संपल्यावर तिने विचारलं, "मग घरचं असेल तर कितीही चालेल ना?" नाही. साखर नसली तरी त्या चमच्यात नव्वदेक कॅलरी आहेत. पोळीवर एक चमचा, बस.