कोरडे पाय म्हणजे उड्डाण?

गणिताशी माझे कधीच जमले नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. तरी परवा नातवाने अल्बट्रॉस पक्ष्याची गोष्ट सांगितली आणि ती काही डोक्यातून जाईना. म्हटले, लिहूनच टाकावी.

दक्षिण जॉर्जियाजवळ बर्ड आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या काही अल्बट्रॉसच्या पायांना १९९२ साली एक छोटे यंत्र बांधले. पाय ओला की कोरडा, एवढेच ते टिपायचे. ओला म्हणजे पक्षी पाण्यावर बसलेला, कोरडा म्हणजे हवेत. हिशेब तासातासाचा. त्यावरून १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला, की हा पक्षी बहुतेकदा थोडेथोडेच उडतो आणि मधूनच एकदम प्रचंड लांब मजल मारतो. पॉल लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचा हा नमुना मग हरणांत, मधमाश्यांतही दिसू लागला.

२००७ मध्ये फेरतपासणी झाली. तर काय, त्या सर्वात लांब मजला उड्डाणे नव्हतीच! पक्षी निघण्याआधी किंवा परतल्यावर घरट्यावर निवांत बसलेला. पाय कोरडेच असणार की हो!

(पुढे २०१२ मध्ये नव्या नोंदींत काही अल्बट्रॉस खरोखरच तसे उडताना आढळले म्हणे. असो.)

आता जीपीएस आले, पण घोळ आहेच. तासाला एक ठिपका घेतला तर मधली वळणे पुसली जातात आणि वाट आखूड होते. सेकंदासेकंदाला घेतला तर यंत्राची बारीक चूकच हालचाल वाटते, झोपलेले जनावरही चालू लागते! म्हणून माझे म्हणणे एवढेच, की समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी आपण किती वेळाने आणि कशावरून पाहिले ते सांगा. नातू म्हणतो, "आजी, ते निबंधात दिलेले असते." असेल, पण बातमीत कुठे येते?

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. गडबड ऐकू आली की मी फळ्याकडून वळायची आणि दर वेळी तो उभा दिसायचा. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकात मी 'चंचल' असा शेरा लिहिला. मी पाठमोरी असताना, वर्ग शांत असताना तो काय करत होता, ते मी पाहिलेच नव्हते.