वेगळ्या मेंदूचे सहकारी आणि सुपरव्हिजनचा तास

मानसिक आरोग्याच्या सेवांची मागणी वाढते आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’मुळे १४४१६ हा क्रमांक फिरवला की समुपदेशकाशी बोलता येते. शाळा, महाविद्यालये आणि कंपन्याही समुपदेशक नेमू लागल्या आहेत. तरीही मनुष्यबळ तुटपुंजेच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. अशा वेळी प्रशिक्षित माणूस नोकरी सोडून जाणे कोणत्याही केंद्राला परवडणारे नाही. आणि तो का जातो, याचे उत्तर अनेकदा त्याच्या वरिष्ठांबरोबरच्या बैठकीत सापडते.

या क्षेत्रातले काही कर्मचारी स्वतःच ‘न्यूरोडायव्हर्जंट’ असतात. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया अशा कारणांनी ज्यांचा मेंदू माहिती वेगळ्या पद्धतीने हाताळतो, त्यांच्यासाठी हा शब्द वापरला जातो. अशी व्यक्ती रुग्णाशी काय बोलणार, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांतले संशोधन महत्त्वाचे आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूती’चा मुद्दा मांडला. संवाद फसतो तेव्हा उणीव एकाच बाजूची नसते, दोघांनाही एकमेकांचा अंदाज येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची, असा तो प्रयोग होता. सर्व ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत गोष्टीचा तपशील इतरांच्या साखळीइतकाच टिकला, मिश्र साखळीत मात्र तो अधिक गळाला. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीची ही पीछेहाट दिसली नाही. पण ऑटिस्टिक व्यक्ती माहिती पोहोचवण्यात कमी पडतात, असे दोन्ही वेळा आढळले नाही.

सुपरव्हिजनमध्ये याचा थेट संबंध येतो. मानसोपचाराच्या क्षेत्रात कनिष्ठ समुपदेशक आपल्या केसेस ठरावीक वेळी वरिष्ठांपुढे मांडतो, चुका उघड करतो, सल्ला घेतो. समजा, वरिष्ठ म्हणाले, “त्या केसकडे जरा वेगळ्या नजरेने बघा.” एकाला त्यातून नेमके काय करायचे ते कळते. दुसरा मात्र ‘वेगळ्या म्हणजे कोणत्या?’ या प्रश्नात आठवडाभर अडकून पडतो. तोंडी दिलेल्या पाच सूचनांपैकी दोनच लक्षात राहिल्या, तर शेरा पडतो ‘निष्काळजी’. डोळ्यांत डोळे घालून न बोलणाऱ्याला ‘अलिप्त’ म्हटले जाते. इथे पारख होते ती सवयींची. रुग्णसेवा चांगली होते की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मानसिक आरोग्य केंद्रांत आणखी एक धोका असतो. इथले वरिष्ठ निदान करण्यात तरबेज असतात. त्यामुळे सहकाऱ्याची अडचण ऐकता ऐकता ते नकळत त्याच्यावर उपचार करू लागतात, त्याच्या बालपणात शिरतात किंवा आडून निदान सुचवतात. त्यातच सुपरव्हिजन करणारी व्यक्तीच वार्षिक मूल्यमापनही करत असेल, तर खरे सांगण्याची जोखीम कोण पत्करेल? मग माणूस दिवसभर ‘सर्वसामान्य’ दिसण्याची कसरत करतो, थकतो आणि एक दिवस राजीनामा देतो.

कायदा याबाबत काय सांगतो? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कामात वाजवी बदल करून देणे कलम २० नुसार बंधनकारक आहे, तर समान संधी धोरण जाहीर करण्याची जबाबदारी कलम २१ नुसार सर्वच आस्थापनांवर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. ज्या वर्तनासाठी कारवाई होते, त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण नसून अनेकांपैकी एक कारण असले, तरी कायद्याचे संरक्षण मिळते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

पण कायद्याचा आधार घ्यायला बहुधा प्रमाणपत्र लागते, आणि मोठेपणी निदान झालेल्या किंवा कधीच न झालेल्या अनेकांकडे ते नसते. म्हणूनच सुपरव्हिजनमधले बदल प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवू नयेत, ते सर्वांसाठीच करावेत. त्यांना खर्चही फारसा नाही. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवावेत. बैठक संपल्यावर ठरलेल्या गोष्टी तीन-चार ओळींत लिहून द्याव्यात. “नोंदी सुधारा” असे मोघम सांगण्याऐवजी “जोखमीची नोंद त्याच दिवशी, पहिल्या परिच्छेदात हवी” असे सांगावे. चूक सर्वांसमोर, राउंडवर काढू नये. गजबजलेल्या ओपीडीनंतर दहा मिनिटे शांत जागा मिळावी. वेळापत्रकातला बदल शक्यतो आधी सांगावा. आणि पहिल्याच भेटीत प्रत्येकाला विचारावे, “तुम्हाला अभिप्राय कसा दिलेला सोयीचा पडतो? लिहून, बोलून की दोन्ही?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणाला स्वतःचे निदान सांगावे लागत नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: रुग्णाच्या सुरक्षिततेचे काय? आत्महत्येच्या जोखमीची तपासणी, गोपनीयता, वेळेवर नोंद या बाबतीत सवलत असू शकत नाही, तशी ती कोणी मागतही नाही. मापदंड तेच राहतात, तिथे पोहोचण्याचा रस्ता बदलतो. डिस्लेक्सिया असलेल्या समुपदेशकाने नोंद बोलून टंकित केली किंवा ठरावीक नमुन्यात भरली, तरी ती पूर्ण आणि अचूक असायलाच हवी. उलट, जिथे चूक सांगायची भीती वाटत नाही, तिथे ती लवकर उघड होते आणि रुग्णाला त्याचा फायदाच होतो.

केंद्रांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. सुपरव्हिजन आणि मूल्यमापन शक्य तिथे वेगवेगळ्या व्यक्तींकडे द्यावे. ते शक्य नसेल, तर सुपरव्हिजनमध्ये सांगितलेले काय मूल्यमापनात येईल आणि काय येणार नाही, हे लेखी ठरवावे. दुसरे म्हणजे, सुपरव्हिजन कसे करावे याचे प्रशिक्षण वरिष्ठांनाही द्यावे. अनुभव वाढला की ते आपोआप जमते, असे गृहीत धरले जाते. पण चांगला उपचारक हा चांगला वरिष्ठ असतोच असे नाही.