उलटा गिअर आणि डावा बूट

"मामा, गिअर उलटा करून द्या."

ट्रॅक डे, म्हणजे आपली मोटरसायकल रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस, जवळ आला की पुण्यातल्या गॅरेजांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मामा विचारतात, "का रे?" उत्तर ठरलेलं: "रेसिंगला तसाच असतो." मग मामा दहाचा पाना घेतात. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर एक छोटा आर्म असतो, तो सैल करतात, आधीच्या जागी रंगाचा ठिपका देतात, आर्म ओढून काढतात आणि वरचं टोक खाली करून पुन्हा बसवतात. लिव्हरकडून येणारा रॉड आता उलट्या दिशेने काम करायला लागतो. पहिला खाली, बाकीचे पाच वर असं होतं. आता पहिला वर, बाकीचे पाच खाली. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत काम झालेलं असतं.

गाडी पाच मिनिटांत बदलली. पाय बदलायला किती दिवस लागणार, हे ना पोरगा विचारत, ना मामा सांगत. माझं भांडण आहे ते इथे.

उलट्या गिअरवाल्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो, कारण समोरच्याचा पक्ष अर्धा सांगून खोडणं म्हणजे रडीचा डाव. ते तीन गोष्टी सांगतात. एक, मोटोजीपीत बहुतेक सगळे उलटाच गिअर वापरतात. ते काय वेडे आहेत? दोन, पाय वर उचलण्यापेक्षा खाली दाबणं सोपं, म्हणून वरचा गिअर लवकर पडतो आणि वेळ वाचतो. तीन, डाव्या वळणात गाडी झोपलेली असताना लिव्हरखाली बूट घालायला जागाच उरत नाही. वरून दाबायला मात्र जागा असते.

पहिला मुद्दा मोठ्यांच्या अनुकरणाचा. रेसर मिक डूहानचं उदाहरण घ्या. 1992 साली आसेनच्या सर्किटवर पडून त्याचा उजवा पाय इतका जायबंदी झाला की मागचा ब्रेक पायाने दाबणं त्याला जड जाऊ लागलं. मग त्याच्या गाडीच्या डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवला. पुढे 1994 ते 1998 अशी सलग पाच वर्षं तो 500 सीसीचा जगज्जेता होता. म्हणून उद्या आपण सगळ्यांनी अंगठ्याचा ब्रेक बसवायचा का? डूहानने आपल्या पायाची अडचण ओळखली आणि तिच्यावर तोड काढली. त्याच्याकडून घ्यायचं ते अडचण ओळखणं. नुसती तोड उचलून आणणाऱ्याने निम्मंच उचललं. शिवाय व्यावसायिक रेसरला सोमवारी सकाळी दुसऱ्या गाडीवरून हिंजवडी गाठायची नसते.

दुसरा मुद्दा वेळेचा. तो क्विकशिफ्टर नसतानाच्या काळात थोडाफार खरा होता. आज आपल्याकडच्या दीडशे सीसीच्या स्पोर्ट्स गाडीतही क्विकशिफ्टर मिळतो. लिव्हरवर दाब आला की इंजिनाची ठिणगी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळ तोडली जाते आणि तेवढ्यात गिअर सरकतो. ती वेळ ठरवतं यंत्र. दाब वरून आला की खालून, याने तिच्यात फरक पडत नाही. आणि दाबूनच गिअर टाकायची एवढी थोरवी असेल, तर स्प्लेंडरवरून दुधाचे कॅन पोचवणारे आमचे दूधवाले गेली कित्येक वर्षं चारही गिअर खाली दाबूनच टाकतायत. त्यांना कुणी रेसर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी स्वतःच्या बुटावर अनुभवलाय. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर एका डाव्या वळणातून बाहेर पडत होतो. गाडी तिसऱ्यात, इंजिन किंचाळतंय, चौथा टाकायलाच हवा. चवडा पाय ठेवायच्या पेगवर, गुडघा बाहेर, गाडी अजून पुरती उभी राहिलेली नाही. लिव्हरखाली पंजा घालायला गेलो तर बुटाची बाहेरची कड डांबरावर खरडली. दचकून पाय आत घेतला, घाईत लिव्हर अर्धीच उचलली गेली आणि गिअर तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लटकला. फॉल्स न्यूट्रल. इंजिन मोकळं सुटून ओरडलं, चाकाला जोर मिळेना, आणि मागून आलेला गडी बाजूने निघून गेला. तेव्हा कळलं की ही तक्रार फॅशनची नाही, जागेची आहे.

आता सुलट्या गिअरवाल्यांकडे वळतो. त्यांचंही म्हणणं तीन कलमी. वर म्हणजे वरचा गिअर, हे मुळात नैसर्गिक आहे. जोरात ब्रेक मारताना अंग पुढे झेपावतं, त्या वेळी खटाखट खाली दाबत गिअर उतरवणं सोयीचं पडतं. आणि क्विकशिफ्टर आल्यावर हा वादच संपला.

नैसर्गिक? जुन्या बुलेटवर बसलेल्या कुणालाही विचारा. तिचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. बुलेटवाल्याच्या पायाला तेच नैसर्गिक होतं. डावा पाय आणि वर म्हणजे वरचा गिअर ही मांडणी जगभर रूढ झाली, त्यात 1970 च्या दशकातल्या अमेरिकी सरकारी नियमाचा मोठा वाटा आहे. गिअर डाव्या पायालाच हवा आणि पंजा वर उचलल्यावर वरचाच गिअर पडायला हवा, असं त्या नियमात लिहिलेलं होतं. अमेरिकेत गाड्या विकायच्या म्हणून उजव्या पायाला गिअर देणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनीही तो डावीकडे आणला. कायद्याने लावलेली सवय मुरली की निसर्ग वाटायला लागते.

ब्रेकिंगचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण त्यातच त्याचं उत्तर दडलेलं आहे. जोरात ब्रेक मारतो तेव्हा गाडी सरळ उभी असते. लिव्हरच्या वर जागा असते तशी खालीही असते. म्हणजे तिथे दाबा नाहीतर उचला, दोन्ही जमतं.

आणि क्विकशिफ्टर? तो क्लचवरचा हात आणि थ्रॉटलची उघडझाप वाचवतो. बूट आणि डांबर यांच्यामधली जागा तो वाढवत नाही. माझा बूट खरडला तेव्हा गाडीला क्विकशिफ्टर होताच.

दोन्हीकडची टरफलं काढल्यावर दाणा उरतो तो एवढा: वर उचलायच्या हालचालीला लिव्हरखाली जागा लागते. ती जागा गाडी उभी असताना असते आणि डावीकडे झोपली की जाते. खालचे गिअर आपण बहुतेक उभ्या गाडीवर, ब्रेकिंगमध्ये टाकतो. वरचे गिअर पुष्कळदा वळणातून निघताना, गाडी अजून कललेली असताना टाकावे लागतात. मग उचलायचं काम उभ्या गाडीकडे द्यावं आणि दाबायचं काम कललेल्या गाडीकडे, हे तर्काला धरून आहे. उलट्या गिअरची खरी बाजू ही, आणि नुसत्या ट्रॅकचा विचार केला तर मी तिच्याच बाजूने उभा आहे. जर्मनीच्या साक्सेनरिंगवर 13 वळणांपैकी 10 डावी आहेत. तिथे हे सांगावंच लागत नाही. बहुतेक सर्किटं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, तिथे उजवी वळणं जास्त असतात आणि उजवीकडे झोपलेल्या गाडीचा गिअर-लिव्हर आकाशाकडे असते. तिथे फायदा उरतो तो मोजक्या डाव्या वळणांपुरता.

पण हा झाला हिशोबाचा एक रकाना. दुसऱ्या रकान्यात स्मरण आहे, आणि ते डोक्यात नसतं, घोट्यात असतं. इरुंगट्टुकोट्टईहून परतल्यावर मीही ट्रॅकच्या गाडीचा गिअर उलटा केला. रोजची गाडी सुलटीच ठेवली. दोन दिवस ट्रॅकवर उलट्या गिअरने मजेत घालवले आणि पुढच्या आठवड्यात खंबाटकी घाट चढताना एका ट्रकला मागे टाकायला निघालो. तिसऱ्यात इंजिन ताणलं, चौथ्यासाठी लिव्हर दाबली. पडला दुसरा. मागचं चाक चिरकलं, गाडी शेपटीतून हलली आणि ट्रकचा मागचा फाळका एकदम नको तितका जवळ दिसला. निभावलं, पण त्यात माझं कसब काही नव्हतं.

ही चूक साधी नाही. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला फरक पाव धरला, तर दुसरा पडताच इंजिनाला साडेबारा हजार फेरे घ्यायला लावले जातात. रेव्ह लिमिटर इथे हात टेकतो. तो ठिणगी किंवा पेट्रोल तोडू शकतो, पण इथे इंजिनाला चाकच फिरवत असतं. स्लिपर क्लच थोडं घसरून धक्का कमी करतो, चूक पुसत नाही. चौथा हवा असताना तो पडला नाही तर एखादा सेकंद जातो. चौथ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिन जाऊ शकतं, माणूसही.

म्हणून माझा सिद्धांत असा: पायाला एकच भाषा हवी. उलटी चालेल, सुलटी चालेल, पण दुभाषी पाय घेऊन ट्रॅकवर जाऊ नये आणि घाटात तर नकोच नको. जो वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जातो आणि बाकीचे दिवस रस्त्यावर असतो, त्याने सुलटाच ठेवावा. ज्याची ट्रॅकची गाडी वेगळी आहे आणि जो तिच्यावर सतत असतो, त्याने जरूर उलटा करावा. मात्र रोजचीही गाडी उलटी करावी, नाहीतर रोज स्कूटर चालवावी. उलट्या गाडीच्या टाकीवर तसा स्टिकर लावावा, कारण गॅरेजचा पोरगा ती फिरवून बघायला नेणारच. आणि क्विकशिफ्टर असेल तर त्याचा सेन्सर ढकलणारा दाब वाचतो की ओढणारा, हे आधी तपासावं. रॉडची दिशा बदलली आणि सेन्सर तसाच राहिला, तर तो मुका होऊन बसतो.

सुलटा ठेवणाऱ्याचे उपायही संपलेले नाहीत. लिव्हरची उंची बदला. रस्त्यावर आपण तळव्याचा खळगा पेगवर टेकवतो, ट्रॅकवर चवडा. पाय मागे सरकतो, तशी लिव्हरही पुन्हा लावायला हवी. शोरूममधून आली तशीच लिव्हर ठेवून गिअर पडत नाही म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. दुसरं, डाव्या वळणाआधीच वरचा गिअर टाकून ठेवा. थोडा जोर कमी मिळेल, पण पाय पेगवर निवांत राहील. तिसरं, मागचं स्प्रॉकेट. 45 दात्यांचं काढून 44 चं बसवलं, तर ज्या वेगाला इंजिन दहा हजार फेरे घेत होतं, त्याच वेगाला सुमारे 220 कमी घेईल. कधीकधी तेवढ्यानेच तो नडणारा गिअर वळण संपल्यावर पुढच्या सरळीत जातो आणि वादच मिटतो. यातल्या कशानेही घोट्याची सवय मोडत नाही.

आणि गिअर उलटा असो की सुलटा, लिव्हर पूर्ण उचला किंवा पूर्ण दाबा, मग तिला पूर्ण परत येऊ द्या, तेव्हाच पुढचा गिअर मागा. माझा तो फॉल्स न्यूट्रल निम्मा जागेच्या अडचणीने आला होता आणि निम्मा माझ्या अर्धवट उचलण्याने. गिअर उलटा करून पहिला निम्मा जातो. दुसरा आपल्याबरोबरच येतो.

तेव्हा मामांनी "का रे?" विचारलं, तर मोटोजीपीचं नाव सांगू नका. डावा बूट काढून त्यांच्या हातात द्या. पंजाची बाहेरची कड घासून पांढरी झाली असेल, तर मामा न बोलता दहाचा पाना उचलतील. बूट कोरा असेल, तर गिअर उलटा करायची वेळ अजून आलेली नाही. मामांनी चहा प्यावा, आपणही प्यावा, आणि लिव्हर तेवढी चवड्याच्या मापाने लावून घ्यावी.